रांग, तिकीट आणि वशिला

आमच्या घराण्याचे कुलदैवत तिरुपतीचा व्यंकटेश. सोलापुरात ही काही नवलाची गोष्ट नव्हे. देशस्थांची कितीतरी घरे त्याचीच. आणि शहराच्या पूर्व भागात, जेथे तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसत आला, तेथे बालाजीची तसबीर नाही असे घर विरळा. मुंबई-मद्रास लोहमार्ग आमच्या गावावरून जात असल्याने संध्याकाळी गाडीत बसावे आणि सकाळी रेणिगुंट्याला उतरावे, इतका हा देव आम्हांला जवळचा. तरीही माझ्या आईने त्याचे दर्शन आयुष्यात दोनदाच घेतले होते. तिसऱ्यांदा ती निघाली, ती नवस फेडण्यासाठी.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझे थोरले बंधू करोनाने अत्यवस्थ झाले आणि अकरा दिवस प्राणवायूवर होते. रुग्णालयात कोणाला भेटू देत नसत. त्या दिवसांत देवघरासमोर बसून आईने नवस बोलला, की दोन्ही मुलांना घेऊन गिरीवर येईन आणि रांगेत उभी राहून तुझे दर्शन घेईन. ‘रांगेत उभी राहून’ हे शब्द तिने त्यात का घातले, हे मी तिला तेव्हा विचारले नाही आणि पुढेही विचारले नाही. दादा बरा झाला. फुप्फुसे मात्र कायमची दुबळी झाली; दोन जिने चढला की आजही त्याला मध्येच थांबावे लागते. या ना त्या कारणाने साडेतीन वर्षे गेली आणि २०२४ ची दिवाळी सरल्यावर आम्ही सहा जण निघालो: शहात्तर वर्षांची आई, दादा आणि वहिनी, मी, पत्नी आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी.

गाडीने वाडी स्थानक सोडल्यावर दादाने खिशातून एक लिफाफा काढला. पुण्यातील एका वजनदार गृहस्थांकडून त्याने शिफारसपत्र मिळविले होते. त्यावर सहाही जणांची नावे होती. या पत्राच्या बळावर माणशी पाचशे रुपयांत ‘ब्रेक दर्शन’ मिळणार होते. म्हणजे रांग जवळजवळ नाहीच, आणि सामान्य यात्रेकरूला जेथवर जाता येत नाही तेथवर, गाभाऱ्याच्या उंबरठ्याजवळ जाता येणार होते.

“आई, तुला तासन्‌तास उभे राहावे लागणार नाही,” तो म्हणाला.

“मी उभी राहीन असेच बोलले आहे रे,” आई म्हणाली.

“ते तू माझ्यासाठी बोललीस. आता मीच सांगतो आहे.”

“तू सांगून काय उपयोग? बोलले ते तुझ्यापाशी नव्हे.”

पुढे गुंटकलपर्यंत कोणी फारसे बोलले नाही. पासष्ट वर्षांवरील वृद्धांसाठी देवस्थानची वेगळी मोफत सोय आहे, हेही मी सांगून पाहिले. तिची नोंदणीही महिनोन्‌महिने आधी करावी लागते ही गोष्ट अलाहिदा; पण आपण एकटीने पुढे जावे आणि मुलांनी मागे राहावे, हे आईला मुळातच मान्य नव्हते.

मी अर्थशास्त्र शिकवितो. दुर्मिळ वस्तूची वाटणी कशी होते, हा आमच्या विषयाचा पहिला धडा. किंमत लावा, ज्याला परवडेल तो घेईल. रांग लावा; ज्याच्यापाशी वेळ आहे तो घेईल. किंवा वाटणाऱ्याच्या ओळखीवर सोडा. तिरुमलावर हे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. सर्वदर्शनाला पैसा लागत नाही, तास लागतात. तीनशे रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाची तिकिटे सुमारे तीन महिने आधी संगणकावर सुटतात आणि पाहता पाहता संपतात. २०१९ पासून श्रीवाणी न्यासाला दहा हजार रुपयांची देणगी देणाऱ्याला, वर पाचशेचे तिकीट काढून, ब्रेक दर्शनाचा लाभ घेता येतो. या न्यासाचा पैसा मंदिरांच्या उभारणीसाठी आणि जीर्णोद्धारासाठी आहे. आणि शेवटी आमच्या दादाच्या खिशातला तो लिफाफा.

देवाच्या दारी पैशाचे नाव काढले की आपल्याकडे पुष्कळांना ओशाळल्यासारखे होते. मला तसे होत नाही. तिरुमलाचा देव स्वतःच ऋणको आहे. पद्मावतीशी विवाह करण्यासाठी त्याने कुबेराकडून कर्ज काढले आणि हुंडीत पडणाऱ्या पैशातून त्याचे व्याज अद्याप फिटते आहे, अशी श्रद्धा आहे. तेलुगू भक्त त्याला ‘वड्डी कासुलवाडु’, म्हणजे व्याजाची नाणी घेणारा, असे लाडाने म्हणतात. त्यातील ‘वड्डी’ हे आपल्या ‘वृद्धी’चेच भावंड. दंतकथा बाजूला ठेवली तरी इतिहास काय सांगतो? बर्टन स्टाइन या अमेरिकन इतिहासकाराने १९६० साली तिरुपतीच्या शिलालेखांवरून एक निबंध लिहिला. विजयनगरच्या काळात भक्तांनी दिलेली रोख रक्कम मंदिर नुसती पेटीत ठेवीत नसे, तर देवस्थानच्या गावांत कालवे आणि तळी खोदण्यात गुंतवीत असे. वाढलेल्या पिकाच्या उत्पन्नातून दात्याच्या नावाने नैवेद्य होई आणि त्या प्रसादाचा चौथा हिस्सा दात्याचा असे. कृष्णदेवरायाने १५१३ पासून सात वेळा येथे येऊन सोने आणि रत्ने वाहिली, हे सर्वज्ञात आहे. पण त्या कोरड्या मुलखात पाणी खेळविणारी ही गुंतवणूक मला त्या रत्नांहून अधिक मोलाची वाटते. आज नियोजनाच्या पुस्तकात ज्याला आपण भांडवलनिर्मिती म्हणतो, ती याहून वेगळी काय होती? तेव्हा पैसा हा मंदिराला परका पाहुणा नव्हे. पैशाने तेथे काय विकत घेता यावे, एवढाच वादाचा प्रश्न आहे.

ही रांग मुळात आली कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. तिरुमला समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटर उंचीवर. अलिपिरीपासून वर जायला सुमारे साडेतीन हजार पायऱ्या. एकोणिसाव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने देवस्थानच्या उत्पन्नात वाटा घेतला. १८४३ मध्ये कारभार हाथीरामजी मठाच्या महंतांकडे गेला आणि नव्वद वर्षे तेथेच राहिला. १९३३ मध्ये मद्रास प्रांताच्या कायद्याने आजच्या देवस्थानची घडी बसली. या सर्व काळात दर्शनाचे नियतवाटप डोंगरच करीत होता. पायांत बळ, गाठीशी शिधा आणि हाताशी आठपंधरा दिवस असतील तोच वर जाई. १९४४ साली पहिला घाटरस्ता झाला, १९७४ मध्ये दुसरा. रेल्वे आणि मोटारी वाढल्या, नोकरदारांच्या हाती रजा आणि थोडा पैसा आला. चढणीची किंमत जवळजवळ शून्यावर आली. गाभाऱ्याचा दरवाजा मात्र होता तेवढाच राहिला. पूर्वी जी किंमत पायऱ्यांवर मोजावी लागे, ती आता वैकुंठम्‌ संकुलाच्या दालनांत मोजावी लागते.

आजकाल साधारणपणे साठ ते ऐंशी हजार माणसे रोज दर्शन घेतात. सत्तर हजार धरा आणि दर्शनाचे तास अठरा धरा. ताशी जवळजवळ तीन हजार नऊशे. म्हणजे सेकंदाला एक माणूस, किंचित अधिकच. हा हिशेब मी आईजवळ बसून मनातल्या मनात केला आणि नंतर मला तो करू नये असे वाटले.

आम्ही तिरुपतीत पोहोचलो तेव्हा त्या दिवसाची वेळ नेमून देणारी मोफत टोकने संपली होती. टोकन मिळाले तर दिलेल्या वेळीच वर जाऊन थोडक्यात काम होते; नसेल तर थेट दालनांत शिरून मिळेल तेव्हा दर्शन. वर गेल्यावर दादा आणि वहिनी पत्र घेऊन कार्यालयाकडे गेले. दादाला रात्रभर बसविणे शक्यच नव्हते, आणि त्याला एकट्याला सोडणे वहिनींना शक्य नव्हते. आई त्याला म्हणाली, “तू जा. तुझे नवसात मी धरलेले नाही. तू आलास, एवढेच धरले होते.” आम्ही चौघे दुपारी चारच्या सुमारास दालनात शिरलो. भ्रमणध्वनी आधीच जमा केले होते.

त्या दालनांविषयी भयकथा पुष्कळ ऐकल्या होत्या; त्यांतल्या बऱ्याच मला खऱ्या वाटल्या नाहीत. बाके होती, पाणी होते, शौचालये होती. गळ्यात उपरणी घातलेले स्वयंसेवक उपमा, ताक आणि मुलांना दूध आणून देत होते, आणि हे सारे विनामूल्य. आमच्या शेजारी अनंतपूर जिल्ह्यातील एक शेतकरी कुटुंब होते: नवराबायको, तिची सासू आणि नुकतेच मुंडन झालेली दोन मुले. भुईमूग करतात. सोलापूरच्या शेजारणींकडून शिकलेल्या मोडक्या तेलुगूत आईने त्या सासूशी जो संवाद सुरू केला, तो मध्यरात्रीपर्यंत चालला. दोघींचे गुडघे, दोघींची औषधे, दोघींच्या सुना. मुलगी मला हळूच म्हणाली, की आजी घरी आपल्याशी इतके बोलत नाही.

त्या शेतकऱ्याला मी, व्यवसायाच्या खोडीप्रमाणे, येण्याजाण्याचा खर्च विचारला. त्याने भाड्याचा आकडा सांगितला आणि पुढे म्हणाला, की बुडालेली मजुरी धरायची तर ती वेगळी. म्हणजे त्याला ही संकल्पना माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर समजली होती. पाठ्यपुस्तक येथे रांगेच्या विरुद्ध कौल देते. तिकिटाचे तीनशे रुपये देवस्थानच्या तिजोरीत जातात आणि त्यांतून कोणाच्या तरी पानात भात पडतो; रांगेत गेलेले अठरा तास कोणाच्याच पदरात पडत नाहीत. शिवाय मजुरीवर जगणाऱ्याला पाच जणांचे पंधराशे रुपये देण्यापेक्षा दोन दिवसांची मजुरी बुडविणे स्वस्त पडते असेही नाही. मग त्याने तिकीट का काढले नाही? तीन महिने आधी, ठरल्या दिवशी, ठरल्या मिनिटाला संगणकासमोर बसणे त्याला जमण्यासारखे नव्हते. आम्हालाही ते साधले नसते, आणि आमच्या घरी दोन संगणक आहेत. तीनशेच्या तिकिटाची खरी किंमत तीनशे रुपये नाही. त्यात सुशिक्षितपणाचा एक अदृश्य अधिभार आहे.

तरीही तिकिटाच्या पद्धतीशी माझे फारसे भांडण नाही. तिची किंमत छापलेली आहे. ती कोणालाही वाचता येते आणि ज्याला देता येईल त्याला ‘तू कोण?’ असे कोणी विचारीत नाही. मात्र तिचे समर्थन उत्पन्नाच्या नावाने कोणी करू नये. देवस्थानचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक सुमारे ५,२५८ कोटी रुपयांचे. त्यात हुंडीतून अपेक्षित १,७२९ कोटी, ठेवींच्या व्याजातून १,३१० कोटी. दर्शनाच्या तिकिटांतून अवघे ३१० कोटींच्या आसपास, म्हणजे शंभरातले सहा रुपये. कल्याणकट्ट्यावर उतरलेल्या केसांच्या विक्रीतूनही दीडशे कोटींहून अधिक येतात, आणि ते केस अर्पण करणाऱ्यांत आमच्या शेजारची ती दोन मुलेही होती. ज्या संस्थेला ठेवींचे व्याजच तिकिटांच्या चौपट मिळते, तिने तिकीट ठेवले आहे ते माणसांची वर्गवारी करण्यासाठी.

वशिल्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. पाचशे रुपये ही त्या दर्शनाची किंमत नव्हेच. किंमत आहे ती ओळख. ती बाजारात मिळत नाही, रांगेत उभे राहून मिळत नाही आणि छापील दरपत्रकातही सापडत नाही. जो तास देतो त्याने काही सोसले, जो पैसा देतो त्याने काही दिले. पत्र आणणाऱ्याने काय दिले? फार तर एका वजनदार माणसाचा शब्द खर्च केला, आणि तो शब्द पुढे कधीतरी मताच्या किंवा मिंधेपणाच्या रूपाने वसूल होतो. ती वसुली देवाच्या हुंडीत होत नाही.

याचा भार कोणावर पडतो, हेही उघड आहे. ‘ब्रेक’ या नावातच ते आहे: सर्वसाधारण रांग थांबवून मध्ये काढलेली जागा. समजा, सकाळचे तीन तास असे बाजूला काढले आणि जवळून, जरा सावकाश दर्शन घेता यावे म्हणून सेकंदाला एकाऐवजी तीन सेकंदांना एक माणूस सोडला. तर दहा हजार आठशेंच्या जागी तीन हजार सहाशे जातील. उरलेले सात हजार दोनशे कोठे जातात? ते दालनांत बसून राहतात. हे माझे गृहीत आकडे आहेत. पण आकडे बदलले तरी वजाबाकीची दिशा बदलत नाही. सकाळी आमच्या दालनाचे दार बराच वेळ उघडले नाही. आई भिंतीला टेकून विष्णुसहस्रनाम म्हणत होती. अनंतपूरच्या सासूबाई तिच्या खांद्यावर डोके ठेवून झोपल्या होत्या. त्याच वेळी दादा आत होता, हे आम्हांला नंतर कळले. यात कोणा सेवकाचा दोष नाही. त्यांची व्यवस्था तशी आहे आणि ती त्यांनी नेटकी चालविली होती. दोष असेल तर तो लिफाफे देणाऱ्यांचा आणि आम्हां घेणाऱ्यांचा.

या विषयावर न्यायालयाचे दार ठोठावून झाले आहे. देशभरच्या मंदिरांतील अशा विशेष दर्शनाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा ३१ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने, अशी खास वागणूक असू नये असे आमचे मत असले तरी अनुच्छेद ३२ खाली निर्देश देण्याचा हा विषय नव्हे, असे म्हणून ती फेटाळली. म्हणजे चेंडू देवस्थानांच्या आणि राज्य सरकारांच्या अंगणात परत आला. त्याआधी तीनच आठवडे, ८ जानेवारीच्या रात्री, तिरुपती शहरात वैकुंठद्वार दर्शनाची मोफत टोकने घेण्यासाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन सहा माणसे मृत्युमुखी पडली. आम्ही परतून दोन महिने झाले होते. आईने ती बातमी दोनदा वाचली आणि वर्तमानपत्राची घडी करून ठेवली. टोकनांची पद्धत तत्त्वतः चांगली आहे. तिच्यात पैसा नाही, वशिला नाही आणि ताटकळणेही कमी. पण डोंगरावरची रांग खाली आणून ठेवली की ती खाली लागणार, हे तिने गृहीत धरायला हवे. वैकुंठ एकादशीसारख्या दिवसांसाठी तरी आधी नोंदणी करून सोडत काढणे हा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो, आणि ती नोंदणी गावोगावच्या टपाल कार्यालयांतही करता आली पाहिजे. नाहीतर तो पुन्हा संगणकवाल्यांचाच खेळ होईल.

दुसरी सूचना याहून लहान आणि बिनखर्चाची. देवस्थान रोज तीन आकडे प्रसिद्ध करते: किती जणांनी दर्शन घेतले, किती जणांनी केस उतरविले, हुंडीत किती जमा झाले. त्यांच्या शेजारी चौथा आकडा द्यावा, की त्या दिवशी शिफारसपत्रावर किती जण आत गेले आणि त्यांना किती वेळ लागला. पत्र देणाऱ्यांची पदेही द्यावीत; नावे नकोत. पत्रे बंद करा अशी मागणी मी करीत नाही, कारण ती होणार नाही हे मला ठाऊक आहे. पण जो खर्च हिशेबात दिसतो तो हळूहळू कमी होतो, हा सरकारी जमाखर्चाचा अनुभव आहे.

सकाळी दहाच्या सुमारास आम्ही सुवर्णद्वाराशी पोहोचलो. ‘जरगंडी, जरगंडी’ असा पुकारा कानांवर पडत होता आणि पुढचे माणूस सरकले की मागचे सरकत होते. मी देव पाहिला की आई देव पाहते आहे हे पाहिले, हे मला नीट सांगता येणार नाही. अठरा तासांनंतरचे ते दोन-तीन क्षण. बाहेर आल्यावर आम्ही अन्नप्रसादाच्या सभागृहात गेलो. ही अन्नदानाची योजना १९८५ पासून चालू आहे. एकाच पंक्तीत, एकाच वाढपातला भात, सांबार आणि गोड. तेथे लिफाफे नेण्याची सोय मला तरी दिसली नाही. अनंतपूरची मंडळी आमच्याच ओळीत बसली होती आणि समोर, धोतर नेसलेला दादा.

परतीच्या गाडीत रात्री दिवे मालवल्यावर खालच्या बर्थवरून आईचा आवाज आला.

“तुला किती वेळ दिसला रे?”

“पुष्कळ,” दादा म्हणाला. “अर्धा मिनिट तरी.”

“मला नीट दिसला नाही. डोळ्यांत पाणी आले आणि तेवढ्यात पुढे सरकवले. कसा होता सांग.”

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने पायांपासून सुरुवात केली. गुडघ्यांपर्यंत लोंबणारे हार, कमरेवर टेकलेला डावा हात, खाली वळलेला उजवा तळवा, हनुवटीवरचा पांढरा कापूर, डोळे अर्धे झाकणारे कपाळावरचे रुंद नाम. आई मध्येच ‘हं’ म्हणे, मध्येच ‘आणि किरीट?’ असे विचारी, आणि तो आठवून आठवून सांगे. गुंटकल येऊन गेले तरी त्यांचे चालूच होते.